जुलैतला खोटा पाऊस

६ फेब्रुवारी

प्रिय टाचणी,

पाकिटावरचं माझं अक्षर बघून दचकली असशील. कोणी आजारी नाही, कोणी गेलेलं नाही, आणि मला तुझी कुठे सहीही नको आहे. सह्या काय व्हायच्या त्या गेल्या वर्षी झाल्या. हे पत्र सहलीबद्दल आहे.

सहल म्हणजे आपली, दक्षिण अमेरिकेची. घटस्फोट तुझा आणि चिरंजीवांचा झाला. वकिलाचा कागद मी चष्मा लावून पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला. त्यात कपाटं आहेत, वॉशिंग मशीन आहे, गाडी आहे, तुझ्या आईने दिलेली इस्त्रीसुद्धा आहे. सहलीचा कुठे उल्लेख नाही. म्हणजे ती अजून आपल्या दोघींची आहे, असं मी धरून चालले आहे.

फोन करणार होते, पण फोनवर आपण दोघी कधी धड बोललोच नाही. समोरासमोर तरी कुठे बोललो? मी पहाटे बेकरीत पोचायचे तेव्हा तुझी वॉर्डातली पाळी संपायची असायची. मी दुपारी परत यावं तर तू पडदे ओढून झोपलेली, आणि मी जरा डुलकी काढून उठावं तर तू डबा घेऊन दारात. इतकी वर्षं एका घरात राहिलो ती फ्रिजवरच्या चिठ्ठ्यांवर. लोकांकडे सासवा-सुनांची भांडणं होतात, आपल्याला भांडायला वेळच मिळाला नाही. तुझ्या चिठ्ठ्या आखूड आणि टोचणाऱ्या. 'दूध उतू गेलं ते मी नाही.' 'आई, गोळी घेतली नाहीत, डबी मोजली आहे.' त्यावरूनच तुझं नाव टाचणी पडलं. माझ्या चिठ्ठ्या लांबलचक, फ्रिजच्या दारावर मावायच्या नाहीत, म्हणून तू मागच्या बाजूला उत्तर द्यायचीस.

आणि ते तुझे बोटवाले आजोबा. पाय मोडून तुझ्या वॉर्डात पडलेले, तरुणपणी तिकडे पॅराग्वेच्या नदीत मालवाहू बोटीवर काम केलेले. ते तुला रोज थोडं थोडं सांगायचे आणि तू ते माझ्यासाठी चिठ्ठीत उतरवायचीस. बोटीत कोंबड्या, सायकली, कांद्याची पोती, एखादं नवं कोरं कपाट आणि मधल्या जागेत दोरीच्या झोळ्या बांधून झोपलेली माणसं. नदीकाठच्या गावात बोट लागली की सगळं गाव खरेदीला बोटीवर चढतं. मी ट्रे भट्टीत सारताना मनात त्या बोटीतच असायचे. मग एक दिवस चिठ्ठी नाही. मी लिहिलं, 'पुढे काय झालं?' तू खाली लिहिलंस, 'बरे होऊन घरी गेले. पुढचं आपणच जाऊन बघू.'

तर मी ते मनावर घेतलं आहे. काल ट्रॅव्हलवाल्याकडे जाऊन आले. त्याने लगेच डोंगरावरच्या त्या प्रसिद्ध अवशेषांचं पुस्तक काढलं, सगळे जातात ते. मी सांगितलं की डॉक्टरांनी माझं ब्लडप्रेशर बघून एवढ्या उंचीवर नको म्हटलंय आणि मला तसंही गर्दीत उभं राहून फोटो काढायचा नाही. मी पॅराग्वे म्हटल्यावर त्याने पुस्तक मिटलं. म्हणाला, "काकू, तिकडे बघायला काय आहे?" मी म्हटलं, "तेच बघायचंय."

घर तुझ्याशिवाय ओकंबोकं वाटतं. चिरंजीव वेगळे राहतात, येऊन जाऊन असतात. फ्रिजचं दार रिकामं आहे. तुझी आठवण येते, सांगून टाकते. तुझ्या मनात अवघडलेपण असेल, आता सासू कसली आणि सून कसली. मलाही त्या नात्याला काय म्हणायचं ते माहीत नाही. पण तू आलीस तर सहल आहे, नाहीतर मी एकटीने कोंबड्यांबरोबर जाणार नाही. येशील का?

तुझी,
आई (चालत असेल तर)

३ मार्च

प्रिय टाचणी,

तुझं पत्र मिळालं. एवढं मोठं 'हो' तू यापूर्वी मला कधी लिहिलं नव्हतंस, आणि त्याच्यामागे एवढे 'पण'ही कधी लावले नव्हतेस. सगळे मान्य. एकेकच बॅग, आणि जिची तिने उचलायची. खोल्या वेगळ्या, कारण मी झोपेत पावांचे ट्रे मोजते ही बातमी तुझ्यापर्यंत पोचलेली दिसते. बोटीत मात्र वेगळी खोली कुठून आणणार, तिथे कानात कापूस घाल. आणि वाटेत चिरंजीवांचा विषय काढायचा नाही. हेही मान्य, मलाही सुट्टी हवी आहे.

तुझी रजा जुलैत मिळते म्हणालीस ते उत्तम झालं. मी वाचून काढलंय. तिकडे सगळं उलटं असतं. आपल्याकडे पाऊस कोसळत असतो तेव्हा तिकडे हिवाळा, कोरडी हवा, रस्ते पक्के, डासही कमी. दक्षिणेकडून वारा सुटला तर चांगली हुडहुडी भरते, तेव्हा स्वेटर घे, तो जाड निळा घे, शोभेचा नको. नदीपलीकडचा सपाट, ओसाड मुलूख म्हणजे चाको, तिथले रस्ते बरेचसे मातीचे आहेत, एक सर आली की चिखल होऊन दिवसच्या दिवस बंद पडतात. म्हणून जुलैच.

बेत असा धरलाय. तू तुझ्या गावाहून, मी माझ्या, दोघींनी साओ पावलोला भेटायचं. तिथून विमानाने असुन्सिऑन. दोन दिवस पाय मोकळे करायचे, मग बसने उत्तरेला कोन्सेप्सिऑन, आणि तिथल्या धक्क्यावरून बोट. बोटीचा भरवसा मात्र नाही. रस्ते झाल्यापासून बोटी कमी झाल्यात, आजोबांच्या वेळच्या तर केव्हाच भंगारात गेल्या असतील. ठरलेलं वेळापत्रक कोणी देत नाही, धक्क्यावर जाऊन विचारायचं आणि येईल तिची वाट बघायची. म्हणून मी पुढच्या दिवसांची कुठली खोली ठरवलेलीच नाही. ट्रॅव्हलवाल्याला हे पटत नाही, त्याला प्रत्येक रात्र चौकटीत बसलेली लागते. बोट मिळालीच नाही तर तिथेच नदीकाठी राहू आणि बसने चाकोत जाऊन येऊ. एवढ्यावर माझं भागतं, तुझं भागेल ना?

विमान ब्राझीलमार्गे जातं, म्हणून पीतज्वराची लस. तू लिहिलंस की साठी उलटली की डॉक्टर ही लस द्यायला का-कू करतात, तेव्हा आत्ताच घ्या. डॉक्टरांनी तपासून होकार दिला आणि मी घेतली. दंड दोन दिवस दुखला. तिथल्या नर्सला माझ्या सुनेचा हात बघायला पाठवायला हवं, असं मी तिला सांगून आले. सुनेचा म्हटलं, तेव्हा जीभ चावली नाही. नंतर रस्त्यात लक्षात आलं.

स्पॅनिश चालू आहे. कणीक मळताना मोबाइल मसाल्याच्या बरणीवर टेकवून ठेवते. माझ्याइतकंच भट्टीवाल्यालाही यायला लागलंय. परवा तो मालकांना म्हणाला, "दोन्दे एस्ता एल बान्यो?" मालकांना वाटलं नव्या पावाचं नाव आहे. न्हाणीघर कुठे आहे असा त्याचा अर्थ. एवढं एक वाक्य आलं तरी निम्मी सहल सुखाची होईल असं मला वाटतं.

झोळीत झोपायची तालीमही केली. कोठीत दोन खांबांना दोर बांधला, त्यात मैद्याची रिकामी पोती शिवून घातली आणि चढले. चढणं जमलं. उतरताना पोत्यातलं उरलंसुरलं पीठ अंगावर घेऊन जमिनीवर आले. आडवं तिरकं झोपायचं असतं म्हणे, सरळ झोपलं की पाठीचं केळं होतं. तूही करून बघ, पण वॉर्डात नको.

विहीणबाईंना नमस्कार. त्यांना हे सगळं वेड्यासारखं वाटत असणार. त्यांचं बरोबर आहे.

तुझी,
आई

१२ एप्रिल

प्रिय टाचणी,

तब्येत बरी आहे ना? इकडे सगळं ठीक. बेकरीत नवा मिक्सर आलाय, आवाज फार करतो. चिरंजीवही बरे आहेत. घरात जरा गडबड आहे, रंग काढायचा चाललाय.

एक अडचण आली आहे. जुलैचं आपल्याला जमेलसं वाटत नाही. जुलै म्हणजे भर पावसाचे दिवस. नदीला पूर, रस्ते बंद, चिखल, डास. अशा पावसात तुला घेऊन जायला माझं मन धजत नाही. सप्टेंबर त्या मानाने बरा. तुला सप्टेंबरची रजा मिळते का ते बघ. माझ्यासाठी थोडी धावपळ कर. ट्रॅव्हलवाल्याशी मी बोलून ठेवलंय, तिकिटं काढायची थांबवली आहेत.

घाईत लिहिते आहे. काळजी घे.

आई

२९ एप्रिल

प्रिय टाचणी,

तुझं पाकीट आलं. आत माझं मार्चचं पत्र, त्यातल्या हिवाळ्याच्या ओळीखाली तुझ्या पेन्सिलीची रेघ, आणि कडेला एवढंच: 'स्वेटर घेतला होता. काय झालंय?'

काय मूर्ख बाई मी. खोटं बोलायला बसले आणि इथल्या जुलैचाच पाऊस तिकडे पाडला. ज्या कॅलेंडरवर आयुष्य गेलं तेच हाताला लागलं. आणि बोलले कोणाशी, तर जी गोळ्यांची डबी मोजते तिच्याशी. मला खोटं बोलायचंच होतं तर निदान ब्लडप्रेशरचं बोलायला हवं होतं, पण तेही तू मागवून बघितलं असतंस.

खरं असं आहे. चौदा जुलैला चिरंजीवांचं लग्न आहे.

मुलगी चष्म्याच्या दुकानात डोळे तपासते. मार्चमध्ये तो तिला घरी घेऊन आला. मी तिच्यात काहीतरी वाकडं सापडावं म्हणून फार प्रयत्न केला. सापडलं नाही. बोलायला हळू, हसली की तोंडावर हात धरते, आणि मी कप उचलायच्या आत तिने ते धुऊन ठेवले. तारीख त्यांनी दोघांनी तिच्या सुट्ट्या बघून ठरवली आणि मला सांगितली तेव्हा आपली सहल त्याच आठवड्यात आहे हे त्याला माहीतच नव्हतं. मी सांगितलंच नव्हतं त्याला. का नव्हतं, तर तो म्हणाला असता, आता कशाला, आणि मग मला त्याचं उत्तर द्यावं लागलं असतं. लग्नाला मी जाणारच, मुलगा आहे तो माझा. म्हणजे जुलै गेला. एवढं सरळ तुला लिहिता आलं असतं. तू शांतपणे सप्टेंबर बघितला असतास.

मग पाऊस का पाडला? टाचणी, मला भीती वाटली. तुला लग्नाचं कळलं की तू मागे सरशील. तुझा स्वभाव मला चिठ्ठ्यांतून चांगला कळलाय, तू भांडत नाहीस, जागा करून देतेस. तू लिहिलं असतंस, 'आई, आता तिला घेऊन जा.' दोन ओळींत, आणि खाली तारीख. मला ते पत्र यायला नको होतं. लग्न होऊन जाऊ दे, तिकिटं हातात येऊ दे, मग बोटीत कुठेतरी सांगू असं मनाशी ठरवलं होतं. बोटीतून तुला उतरून जाता आलं नसतं.

हे वाईट वागणं आहे हे मला कळतं. रागाव. पण लिही.

तुझी,
आई

२४ मे

प्रिय टाचणी,

तुझं पत्र नाही. रोज दुपारी पेटीत हात घालून बघते, विजेचं बिल आणि रंगाच्या दुकानाच्या जाहिराती निघतात. फोन दोनदा हातात घेतला आणि ठेवला. तू पाळीवर असशील असं स्वतःला सांगितलं.

काल चिरंजीव बेकरीच्या मागच्या दाराने आले. त्यांना पहिल्यापासून तेच दार आवडतं, गरम पाव तिथेच मिळतो. पत्रिकेचा नमुना दाखवायचा होता. मी हात पुसले आणि सहलीचं सगळं सांगून टाकलं, फेब्रुवारीपासून. पीठ चाळता चाळता सांगितलं, म्हणजे त्याच्याकडे बघावं लागत नव्हतं.

तो पायरीवर बसून पाव खात राहिला. मग म्हणाला, "तू तिला घेऊन जाणार आहेस?"

मी म्हटलं, "ती मला घेऊन जाणार होती. आता माहीत नाही."

"लग्नाचं कळवलंस तिला?"

"आधी खोटं कळवलं, मग खरं."

तो हातातला पाव खाली ठेवून म्हणाला, "आई, तिला मार्चमध्येच माहीत होतं. मी फोन करून सांगितलं होतं. दुसऱ्या कोणाकडून कळायला नको म्हणून."

मी चाळणी खाली ठेवली. म्हणजे माझं बारा एप्रिलचं पत्र तू सगळं ठाऊक असताना वाचलंस. पूर, चिखल, डास, घरात रंगाची गडबड. तुझ्या जागी मी असते तर हसले असते की रडले असते ते मला ठरवता आलेलं नाही. आणि तरी तू फक्त 'काय झालंय' एवढं विचारलंस, म्हणजे मला सांगायला जागा ठेवलीस. मीही तुझ्याबद्दल बरोबर ओळखलं होतं आणि अगदी चुकीचं वागले.

चिरंजीव जाताना दारात थांबले. तुमचं दोघांचं का बिनसलं ते मी कधी विचारलं नाही, कालही विचारलं नाही. त्याने आपणहून एवढंच म्हटलं की, "तिच्याबरोबर जा तू. घरात सगळ्यांत जास्त ती तुझ्याशीच बोलायची." आपण तर बोलत नव्हतो, मी म्हटलं. तो म्हणाला, "चिठ्ठ्या मी वाचायचो ना."

ट्रॅव्हलवाल्याने सप्टेंबरसाठी महिनाअखेरपर्यंत मुदत दिली आहे. मी त्याला होही म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. तू येणार नसलीस तर मी जाणार नाही. तुला भरीला घालण्यासाठी लिहीत नाही, मला खरंच एकटीने जायचं नाही. तुझ्याशिवाय तिकडे मला बघायचं काय आहे, हे तो ट्रॅव्हलवाला बरोबर विचारत होता.

तुझी,
आई

१६ जून

प्रिय टाचणी,

तुझं पत्र काल आलं. उभ्याने वाचलं, मग बसून वाचलं. संध्याकाळी पुन्हा वाचलं.

तुझं हे वाक्य मी इथे परत लिहून ठेवते, म्हणजे मला पाठ होईल. 'लग्नाचं मला काही वाटलं नाही, म्हणजे वाटलं, पण ते माझं मी बघितलं. तुम्ही मला पेशंटसारखं सांभाळलंत त्याचा राग आला. ते काम मी करते, माझ्यावर कोणी करू नका.' बरोबर आहे. मान्य आहे. यापुढे तुला जपून सांगणार नाही, सांगूनच जपेन.

आणि तू रागावून सप्टेंबरचा अर्जच केला नाहीस, तो महिना तुमच्या मेट्रनबाईंनी दुसरीला देऊन टाकला, आता एकदम ऑक्टोबरअखेर. वाचलं आणि आधी हसू आलं, मग गार पडले. ऑक्टोबरअखेर म्हणजे तिकडे उकाडा चढलेला आणि वादळी पावसाला सुरुवात. खराखुरा पाऊस, टाचणी. मी जुलैत खोटा पाडला होता तो आता आपल्याला खरा गाठणार. चाकोतले रस्ते बंद पडले तर पडले. एवढी शिक्षा मला व्हायलाच हवी होती, फक्त तू फुकट भिजणार याचं वाईट वाटतं.

तू लिहिलंस, चिखलातून जाऊ, चालेल. तू 'जाऊ' लिहिलंस ते मी सगळ्यांत आधी शोधलं होतं, बाकीचं नंतर वाचलं.

तर नवा बेत. चाकोचं लांबचं वळण सोडून देऊ, चिखलात बस अडकली तर परतीचं विमान चुकेल. नदी आणि नदीकाठ एवढंच. परतीच्या आधी असुन्सिऑनमध्ये दोन दिवस मोकळे ठेवू, बोट उशिरा आली तरी घाई नको. निळा स्वेटर घरी ठेव. त्याऐवजी पातळ, पूर्ण बाह्यांचे कपडे, डासांचं मलम तुला चांगलं ठाऊक असेल ते तूच घे, आणि गमबूट. गमबुटांना बॅगेत जागा फार लागते म्हणून मी ते पायात घालूनच विमानात बसणार आहे. ट्रॅव्हलवाल्याने हे ऐकून डोक्याला हात लावला. मी त्याला म्हटलं, पायातल्या बुटांचं वजन कोणी करत नाही. झोळीला वरून बांधायचं प्लास्टिक बेकरीतून घेते, पावाच्या ट्रेवर घालायचं असतं ते, रुंदी अगदी पुरते.

लसीचं कार्ड पासपोर्टमध्ये ठेवलंय. तुझं तू ठेवलं असशील, विचारत नाही.

तू लिहिलंस की लग्न कसं झालं ते कळवा, काही गाळू नका. कळवेन.

तुझी,
आई

९ ऑक्टोबर

प्रिय टाचणी,

उशीर झाला, पण सांगितल्याप्रमाणे सगळं लिहिते.

लग्न व्यवस्थित झालं. छोटंसंच होतं. पाऊस इतका कोसळत होता की नवरदेवाची चप्पल वाहून गेली आणि त्याने मावसभावाचे बूट घातले, मोठे होते, चालताना टपटप वाजत होते. तुझी जाऊ, म्हणजे तुझी आता कोण ते तूच ठरव, लग्नासाठी परगावाहून आलेली थोरल्याची बायको, सगळ्यांना सांगत होती की सासूबाई ऑक्टोबरात दक्षिण अमेरिकेला निघाल्या आहेत. सगळे विचारत होते, कोणाबरोबर? मी सांगितलं. काहींनी भुवया वर केल्या, काहींनी ताटात बघितलं. मी रडले नाही. मला वाटलं होतं रडू येईल, पण पोटभर जेवले आणि घरी येऊन झोपले. गाळू नका म्हणालीस म्हणून हेही लिहिते की चिरंजीव खूश दिसत होते. मलाही त्याचं बरं वाटलं.

आता कामाचं. माझं विमान साओ पावलोला तुझ्या आधी चार तास पोचतं. मी बाहेर पडणार नाही, पुढच्या विमानाच्या दारापाशी बसून राहीन. तू उतरलीस की पाट्या बघत तिथेच ये. गर्दीत मला शोधायला अवघड जाणार नाही, गमबूट घातलेली एकच बाई असेल. मोबाइल चालेल याचा भरवसा धरू नकोस. असुन्सिऑनची खोली ठरली आहे, दोन खोल्या, मधे भिंत आहे का हे मी विचारून घेतलंय. औषधं दोन ठिकाणी विभागून ठेवली आहेत. डॉक्टरांनी ब्लडप्रेशर बघितलं, ठीक आहे, आकडा सोबतच्या चिठ्ठीवर आहे, म्हणजे तुला विचारायला नको.

भट्टीवाल्याने मला एक वाक्य नवीन शिकवलंय. बोट केव्हा येणार? मी म्हटलं, हे मला कसं नाही सुचलं. तो म्हणाला, "काकू, तुम्ही न्हाणीघरातच अडकलात."

आणखी एक. काल नवी सून घरी आली होती. माझ्यासाठी जादा चष्मा घेऊन आली, तोच नंबर, पाण्यात पडला तरी तरंगेल असा गळ्यातला पट्टा लावलेला. बॅग उघडी होती. ती बसली आणि एकेक वस्तू बघत राहिली, प्लास्टिक, दोर, मलम. तिने सगळं विचारलं, बोटीत झोळी कुठे बांधतात, रात्री कोंबड्या गप्प बसतात का, आजोबा कोण होते. मी तिला चिठ्ठ्यांचं सांगितलं. ती ऐकत राहिली आणि मग तोंडावर हात धरून म्हणाली, "पुढच्या वेळी मी आले तर चालेल?"

टाचणी, याच एका प्रश्नाची मला मार्चपासून भीती वाटत होती. ती तुझ्या जागेवर येऊन बसेल आणि मला तिला तिथून उठ म्हणता येणार नाही, असं वाटायचं. मी काही ठरवून बोलले नाही. तोंडातून आलं ते एवढंच, "मला एकटीला नाही ठरवता येणार. सहल तिची आहे, तिला विचारावं लागेल."

मला वाटलं तिचा चेहरा उतरेल. ती म्हणाली, "हो, त्यांना विचारा ना. त्यांना चालणार असेल तरच." आणि उठून चहाचे कप धुवायला गेली.

तर विचारते आहे. घाईने उत्तर देऊ नकोस, नाही म्हणालीस तरी मी तिला तसंच सांगेन आणि तिला ते चालेल, हे मला काल दिसलं. ती गेल्यावर मी बॅगेशेजारी जमिनीवर बसले आणि लग्नात आलं नव्हतं ते सगळं रडू मला तिथे आलं.

तुझी,
आई